अद्रक, पोटाचे अस्तर आणि अंगदुखीची गोळी

सोयाबीनची सोंगणी म्हणजे दिवसभर कमरेत वाकून विळा चालवणे. कापसाची वेचणी म्हणजे तेच वाकणे, पण कितीतरी आठवडे. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, शेतात राबणाऱ्या माणसाच्या, त्यातही बाईच्या कंबर-गुडघ्यांवर हा सारा भार येतो. रात्री अंग ठणकते आणि सकाळी पुन्हा कामावर जायचे असते. मग गावातल्या मेडिकलमधून दोन गोळ्या येतात. गोळीने रात्र निभते, दुसऱ्या दिवशीचा रोजही बुडत नाही. हंगाम संपतो, गोळी मात्र सुटत नाही.

पुढे कधीतरी पोटात आग पडू लागते, छातीत जळजळ होते, आंबट ढेकरा येतात. घरात लगेच निदान होते, 'पित्त झालं, ठेचा बंद कर'. कोणी अद्रकाचा रस काढून देतो, कोणी सुंठ आणि गूळ एकत्र करून देतो. गोळीचे नाव या चर्चेत निघतच नाही.

गोळी, ठेचा आणि अद्रक या तिघांचे पोटाशी असलेले नाते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत संशोधकांनी बरेच उलगडले आहे. गोळी पोटाचे संरक्षण काढून घेते. ठेचा झोंबतो, पण त्याने जखम होत नाही. अद्रक पोटाच्या अस्तराला हातभार लावू शकते, असे मानायला बरेच आधार आहेत, मात्र झालेली जखम भरून काढण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही. हे सविस्तर समजून घ्यायचे तर आधी ते अस्तर पाहायला हवे.

आम्लात राहूनही न जळणारे अस्तर

आपले जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचक रस तयार करते. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन असते. हा रस मांस पचवतो. जठर स्वतःही मांसाचेच बनलेले आहे, तरी ते स्वतःला पचवत नाही. याचे श्रेय आतल्या अस्तराच्या व्यवस्थेला जाते.

या व्यवस्थेचा पहिला भाग म्हणजे चिकट, बुळबुळीत श्लेष्माचा थर. त्याची जाडी मिलिमीटरचा एक अंश एवढीच असते. अस्तरातल्या पेशी या थरात बायकार्बोनेट सोडत राहतात, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार. त्यामुळे जठराच्या पोकळीत तीव्र आम्ल असतानाही पेशींना लागून असलेला भाग जवळपास उदासीन राहतो. दुसरा भाग म्हणजे एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशी, ज्यांच्या फटींतून आम्ल सहजी आत शिरत नाही. तिसरा भाग म्हणजे नूतनीकरण. अस्तराच्या पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि खालून नव्या येतात. मातीच्या घराची भिंत जशी पुन्हा पुन्हा सारवून टिकवतात, तसे हे काम जन्मभर चालते. चौथा भाग म्हणजे रक्तपुरवठा. आत झिरपलेले आम्ल रक्त वाहून नेते आणि दुरुस्तीला लागणारा प्राणवायू आणून देते.

या चारही कामांचा ताल सांभाळणारी रसायने म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. श्लेष्मा किती स्रवायचा, बायकार्बोनेट किती सोडायचे, रक्तवाहिन्या किती रुंदावायच्या, हे त्यांच्या संदेशावर ठरते. हा संदेश थांबला की चारही बाजूंनी अस्तर कमकुवत होते. आम्ल पेशींपर्यंत पोचते, आधी वरवरचे ओरखडे पडतात, मग त्यांतला एखादा खोल जातो. अस्तराच्या खालचा पातळ स्नायुथर ओलांडून गेलेली जखम म्हणजे अल्सर. तो जठरात होतो, तसाच लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही होतो.

जखमेची दोन मोठी कारणे

अल्सर तिखटाने होतो, काळजीने होतो, आम्ल वाढल्याने होतो, असे वैद्यकशास्त्रही फार काळ मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी ही समजूत उलटवली. रुग्णांच्या जठरातून घेतलेल्या तुकड्यांत वॉरन यांना वळणदार जिवाणू दिसत होते. १९८२ मध्ये ते प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले. जठरातल्या आम्लात कोणताही जिवाणू तग धरू शकत नाही, अशी तोवर समजूत होती, म्हणून फारसे कोणी विश्वास ठेवेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. हा जिवाणू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. या शोधासाठी दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जिवाणू युरिएज नावाचे विकर बनवतो. त्याच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया तयार करतो, आपल्याभोवतीचे आम्ल शमवतो आणि श्लेष्माच्या थरात ठाण मांडतो. अस्तराला वर्षानुवर्षे सूज राहते. लागण बहुधा बालपणी होते, दाटीवाटीच्या घरांत, अस्वच्छ पाण्यातून किंवा घरातल्याच माणसांकडून. भारतात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात तो असल्याचे निरनिराळ्या पाहण्यांत दिसले आहे. त्यांतल्या थोड्यांनाच अल्सर होतो. पण ज्यांना होतो त्यांच्या बाबतीत जिवाणूचा नायनाट केल्याशिवाय अल्सर पुन्हा पुन्हा उपटतो.

दुसरे मोठे कारण अंगदुखीची गोळी. १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरीन आणि तिच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. दुखऱ्या सांध्यात हीच रसायने सूज आणि वेदना वाढवतात, म्हणून ती थांबली की आराम पडतो. परंतु गोळीला गुडघा आणि जठर यांत फरक करता येत नाही. गुडघ्यातली वेदना थांबवताना ती जठराचे संरक्षणही थांबवते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, पायरॉक्सिकॅम ही सारी याच गटातली औषधे. व्हेन यांना १९८२ चे नोबेल मिळाले.

यातून दोन गोष्टी समजतात आणि त्या गावोगावी पोचायला हव्यात. पहिली, 'गोळीने पोट बिघडतं म्हणून मी सुई घेतो' हा समज चुकीचा आहे. औषध सुईने दिले तरी रक्तातून जठरापर्यंत पोचते आणि तिथले प्रोस्टाग्लँडिन कमी करते. दुसरी, जेवणानंतर गोळी घेतल्याने तात्पुरती मळमळ कमी होते, अल्सरचा धोका टळत नाही. शिवाय वेदनाशामकाने झालेला अल्सर पुष्कळदा दुखतच नाही, कारण दुखणे दाबणारे औषध पोटातच असते. वयस्क माणसात तर थेट रक्तस्राव होऊन मगच तो लक्षात येतो.

घाटाखालच्या तालुक्यांत या गोळ्यांचा आणखी एक धोका आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतून जातो आणि तिथे मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबून असतो. उन्हात घाम गाळून शरीरातले पाणी कमी झालेले असताना घेतलेली वेदनाशामक गोळी जठरासोबत मूत्रपिंडालाही इजा करू शकते.

ठेच्यावरचा आळ

भाकरीसोबत ठेचा खाणाऱ्या जिल्ह्यात तिखटाचा प्रश्न टाळून चालणार नाही. १९८४ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांवर एक साधा, नेमका प्रयोग केला. एका गटाला नेहमीच्या जेवणासोबत रोज तीन ग्रॅम लाल तिखट दिले, दुसऱ्याला दिले नाही. आम्लशामक औषध दोघांनाही चालू होते. चार आठवड्यांनी पोटात दुर्बीण घालून पाहिले तर तिखट खाणाऱ्यांचे अल्सरही इतरांइतकेच भरून आले होते.

१९८८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ग्रॅहम यांच्या गटाने १२ निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे जेवण दिले. कधी सौम्य, कधी मिरच्या घातलेले जहाल, तर कधी सौम्य जेवणासोबत ॲस्पिरीन. नंतर दुर्बिणीतून जठर पाहिले. जहाल जेवणानंतर अस्तरावर म्हणण्यासारखी इजा नव्हती. सौम्य जेवण आणि ॲस्पिरीन या जोडीनंतर मात्र बहुतेकांच्या जठरात ओरखडे दिसले. ठेचा आणि गोळी यांच्यातला निवाडा करायला याहून नेमका प्रयोग शोधावा लागणार नाही.

मग मिरचीने आग का होते? मिरचीतले कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरच्या, उष्णता ओळखणाऱ्या एका ग्राहकाला चेतवते. मेंदूला वाटते भाजले, प्रत्यक्षात भाजलेले नसते. ज्याला ठेच्याने त्रास होतो त्याने तो कमी खावा, हे खरेच. पण ठेचा सोडला आणि गोळी चालू ठेवली तर जखमेचे कारण जागच्या जागी राहते. विशेष म्हणजे अद्रकाचा तिखटपणाही त्याच ग्राहकामार्फत जाणवतो.

कंदातली रसायने

अद्रक हे जमिनीत वाढणारे खोड. अक्षय तृतीयेच्या सुमारास गादीवाफ्यावर लावायचे, पावसाळाभर कंदकुजीपासून जपायचे आणि आठ-नऊ महिन्यांनी काढायचे, असे हे लांबलचक आणि जोखमीचे पीक आहे. महाराष्ट्रात सातारा जिल्हा त्यासाठी जुना नावाजलेला. अलीकडे बुलढाण्याला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा पट्टा अद्रकाचा झाला आहे. बुलढाणा-चिखलीकडेही विहिरीच्या पाण्यावर काही शेतकरी ते घेतात.

ताज्या कंदात सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्यात पिष्ट, तंतू, सुगंधी तेल आणि तिखट राळ. तेलाने वास येतो, राळेने तिखटपणा. ओल्या अद्रकाच्या राळेत जिंजेरॉल ही संयुगे मुख्य असतात. कंद वाळवला किंवा तापवला की जिंजेरॉलमधून पाण्याचा रेणू निघून जातो आणि शोगॉल तयार होते. ते जिंजेरॉलहून अधिक तिखट आहे. शिजवताना जिंजेरॉलचा काही भाग झिंजेरॉन या सौम्य, गोडसर वासाच्या संयुगात बदलतो. म्हणून ओले अद्रक, सुंठ आणि भाजीत शिजलेले अद्रक यांचे गुण तंतोतंत सारखे नसतात. पाच किलो ओल्या अद्रकापासून साधारण एक किलो सुंठ होते, हे प्रमाणही ध्यानात ठेवावे. पुढे मात्रेचा हिशेब करताना ते उपयोगी पडेल.

प्रयोगशाळेतले पुरावे

१९८८ मध्ये जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी उंदरांच्या जठरात आम्ल आणि अल्कोहोल घालून जखमा घडवल्या. आधी अद्रकाचा अर्क दिलेल्या उंदरांमध्ये जखमा फार कमी झाल्या. अर्कातली संयुगे वेगवेगळी करून दिली तेव्हा जिंजेरॉलने आणि सुगंधी तेलातल्या झिंजिबेरीनने जखमांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. पुढच्याच वर्षी सौदी अरेबियातल्या रियाधच्या शास्त्रज्ञांनी अद्रकाचा अर्क आधी देऊन उंदरांच्या जठरावर तीव्र अल्कोहोल, आम्ल, अल्क, मिठाचे दाट द्रावण, वेदनाशामक औषधे आणि थंडीचा ताण असे सगळे मारे करून पाहिले. याही प्रयोगात अर्काने अस्तर वाचवल्याचे दिसले.

२००३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी काचपात्रात हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या १९ वाणांवर अद्रकाचा अर्क आणि जिंजेरॉल वापरले. जिवाणूंची वाढ खुंटली. २००७ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अद्रकातले फेनॉलवर्गीय घटक तपासले. जठरातल्या पेशींमधून आम्ल बाहेर टाकणाऱ्या 'प्रोटॉन पंपा'ची क्रिया ते घटक मंदावतात आणि जिवाणूची वाढही रोखतात, असे त्यांना काचपात्रात आढळले. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही आपल्या ओळखीची औषधे याच पंपावर काम करतात.

या सगळ्यातून अद्रकाचे काम तीन वाटांनी होत असावे असे दिसते. सूज आलेल्या अस्तरात तयार होणारे दाहक प्राणवायू-कण ते निष्प्रभ करते. श्लेष्मा आणि इतर संरक्षण टिकवायला मदत करते. आणि आम्ल व जिवाणू या दोन्हींचा जोर काहीसा कमी करते.

मात्र इथे मात्रेचा हिशेब आडवा येतो. रियाधच्या प्रयोगात उंदराला दर किलो वजनामागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला होता. उंदराची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाचा विचार करून ती साधारण सहाने भागतात. तसे केले तरी ६० किलोच्या माणसासाठी ती जवळपास पाच ग्रॅम अर्क होते. अर्क म्हणजे चूर्ण नाही. पाच ग्रॅम अर्क काढायला त्याच्या कितीतरी पट सुंठ लागते. चहाच्या कपात पडणाऱ्या दोन-तीन ग्रॅम ओल्या तुकड्याकडून तेवढ्या परिणामाची अपेक्षा ठेवता येणार नाही. काचपात्रातल्या जिवाणूंवर तर अर्क थेट पडतो, जठरात ते श्लेष्माच्या थराखाली दडून बसलेले असतात.

माणसाच्या पोटात काय दिसले

माणसांवरचे प्रयोग थोडे आहेत, पण त्यांतून बरेच कळते. २००८ मध्ये तैवानमध्ये २४ निरोगी माणसांना १.२ ग्रॅम सुंठीच्या कॅप्सूल देऊन नंतर सूप पाजले. जठरातले निम्मे सूप पुढे सरकायला एरवी सरासरी २६.७ मिनिटे लागत, सुंठीनंतर १३.१ मिनिटे लागली. जेवणानंतर पोट जड होण्याच्या तक्रारीत अद्रकाने बरे का वाटते, याचे एक कारण इथे सापडते. पुढे अपचनाच्या ११ रुग्णांवर तसाच प्रयोग झाला. त्यांचेही जठर लवकर रिकामे झाले, तक्रारी मात्र त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग २०१२ मध्ये मॉस्कोतून प्रसिद्ध झाला. गुडघे किंवा खुब्याचे सांधे झिजलेल्या ४३ रुग्णांना चार आठवडे औषध दिले. एका गटाला अद्रकाचा अर्क आणि ग्लुकोसामाइन, दुसऱ्याला डायक्लोफिनॅक आणि ग्लुकोसामाइन. वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या. डायक्लोफिनॅकच्या गटात जठरातले प्रोस्टाग्लँडिन घटले, अद्रकाच्या गटात ते वाढले. प्रयोग लहान होता आणि एक महिनाच चालला, तरी निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सांध्याला आराम मिळूनही जठराचे संरक्षण शाबूत राहू शकते, एवढी शक्यता त्यातून दिसते.

याच्या उलट बाजूचा पुरावाही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा. २००१ मध्ये अमेरिकेत गुडघेदुखीच्या २४७ रुग्णांवर अद्रक आणि कुलंजन यांच्या एकत्रित अर्काची चाचणी झाली. वेदना काही प्रमाणात घटल्या. पण पोटाच्या किरकोळ तक्रारी, म्हणजे ढेकरा, जळजळ, मळमळ, अर्क घेणाऱ्यांमध्ये इतरांपेक्षा बऱ्याच जास्त आढळल्या.

आणि सर्वांत मोलाचा इशारा आपल्याच मुंबईतून आला. डॉ. एच. जी. देसाई आणि सहकाऱ्यांनी मसाल्याच्या पदार्थांचा जठराच्या अस्तरावर काय परिणाम होतो हे मोजण्याची एक पद्धत वापरली होती. पदार्थ दिल्यावर नळीने जठरातला रस काढायचा आणि त्यात डीएनए किती आहे ते मोजायचे. डीएनए पेशींतून येतो, म्हणून त्याचे प्रमाण वाढले की अस्तराच्या अधिक पेशी झडल्या असे समजते. लाल तिखट, काळी मिरी, हिंग यांच्यानंतर १९९० मध्ये त्यांनी अद्रकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक अद्रक चूर्ण घेतल्यावर पेशी झडण्याचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथानेही या निष्कर्षाची दखल घेतली आणि उपाशीपोटी घ्यायच्या मात्रेला मर्यादा सांगितली.

सहा ग्रॅम सुंठ म्हणजे सुमारे तीस ग्रॅम ओले अद्रक. भाजीत किंवा चहात एवढे कोणी घालत नाही. पण सकाळी उपाशीपोटी वाटीभर रस काढून पिणारा माणूस तिथवर सहज पोचतो. म्हणजे जे अद्रक थोडे आणि अन्नासोबत घेतल्यावर अस्तराला साथ देते, तेच भरपूर आणि उपाशीपोटी घेतल्यावर अस्तराला खरवडते.

भावमिश्रांचा जुना इशारा

'आयुर्वेदात अद्रक चांगले म्हटले आहे' एवढेच ऐकून लोक थांबतात. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात भावमिश्रांनी जेवणाच्या आरंभी थोडे मीठ लावलेले अद्रक खाणे हितकर मानले आहे. भूक लागते, जीभ आणि घसा मोकळा होतो, असे ते सांगतात. पण त्याच ठिकाणी अद्रक कुठे चालत नाही याचीही यादी आहे. त्यात शरीरातून रक्त जाणे, व्रण, ताप आणि दाह यांचा समावेश आहे, शिवाय उन्हाळा आणि शरद हे दोन ऋतूही.

अल्सर म्हणजे पोटातला व्रण, आणि त्याचा मोठा धोका म्हणजे रक्तस्राव. जुन्या ग्रंथाने ज्या अवस्थांत अद्रक टाळायला सांगितले, त्यांत हे दोन्ही आहेत. दुर्बीण नसताना, रुग्णाच्या निरीक्षणातून आलेला हा इशारा आणि मुंबईच्या प्रयोगातला निष्कर्ष एकाच दिशेला जातात. निरोगी पोटाला अन्नासोबतचे थोडे अद्रक मानवते, जखमी पोटावर त्याचा मारा करू नये.

घरात काय करावे

वरण, भाजी, चहा, कोशिंबीर यांतून रोज बोटाच्या पेराएवढे अद्रक खुशाल घ्यावे. जेवणासोबत घ्यावे. उपाशीपोटी रस किंवा चमचाभर सुंठ घेण्याची सवय असेल तर सोडावी. सकाळच्या उपाशीपोटी कडक चहातले अद्रकही पित्ताच्या माणसाने कमी करावे, कारण चहासुद्धा आम्लस्राव वाढवतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर सुंठीच्या गोळ्या, कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

वेदनाशामक गोळ्यांचे नियम याहून कडक हवेत. लागेल तेवढेच दिवस, लागेल तेवढीच मात्रा. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत, कारण नावे वेगळी असली तरी औषध बहुधा त्याच गटातले असते. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल आधी घ्यावी. ठरलेल्या मात्रेत ती जठराच्या अस्तराला धक्का लावत नाही. साठी ओलांडलेल्या, आधी अल्सर झालेल्या किंवा हृदयविकारासाठी ॲस्पिरीन घेणाऱ्या माणसाने डॉक्टरांना ते सांगून आम्ल कमी करणारे औषध जोडीला मागून घ्यावे. बिडी-सिगारेटने अल्सर भरून यायला उशीर लागतो, तीही सोडावी.

पोटात वारंवार आग पडत असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी करता येते. श्वासाची चाचणी, शौचाची चाचणी किंवा दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, यांपैकी कोणतीही. जिवाणू आढळला तर दोन प्रतिजैविके आणि आम्लरोधक यांचा साधारण दोन आठवड्यांचा क्रम असतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडू नये. अर्धवट उपचाराने जिवाणू औषधांना जुमानेनासा होतो. या उपचाराची जागा अद्रक घेऊ शकत नाही.

काही लक्षणे दिसली की एक दिवसही थांबू नये. डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या भुकटीसारखी उलटी, पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ, घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, थकवा आणि फिकेपणा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरे, पण शंका आली की तपासून घ्यावे. रक्ताची उलटी, काळी शौच आणि अचानक आलेली कळ यांवर घरचा कोणताही काढा नको. बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय, पुढे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, जिथे लवकर पोचता येईल तिथे जावे.

ज्या प्रयोगाची वाट पाहावी

२०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली. या जिल्ह्यात शेतात राबणारी हजारो माणसे हंगामभर वेदनाशामके घेतात. त्यांच्या ताटात अद्रक आहे, शेजारच्या तालुक्यांत ते पिकते. मग रोज जेवणासोबत ठरावीक अद्रक घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या कष्टकऱ्यांची पोटे दुर्बिणीने तपासून, काही वर्षांचा चोख अभ्यास इथेच व्हायला काय हरकत आहे? मॉस्कोच्या ४३ रुग्णांनी सुचवलेली शक्यता खरी की खोटी, हे इथल्या माणसांच्या पोटांवरून ठरेल.

तोवर अद्रकाला त्याच्या योग्यतेइतका मान द्यावा. ते ताटातले उत्तम साथीदार आहे, भूक वाढवते, मळमळ शमवते, अन्न पुढे सरकवते आणि अस्तराच्या रोजच्या झुंजीत बहुधा थोडा हातभार लावते. त्याच्या भरवशावर गोळ्या खात राहणे मात्र धोक्याचे आहे. पोटाचे अस्तर वाचवायचे तर जखम करणारे कारण आधी दूर केले पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्यात ते कारण पुष्कळदा मेडिकलमधून विनाचिठ्ठी आणलेल्या पुडीत असते. सोंगणीच्या रात्री ठणकणाऱ्या कमरेला विश्रांती, शेक आणि वेळीच डॉक्टरचा सल्ला मिळाला, तर निम्म्या गोळ्यांची गरजच उरणार नाही.